न पाहिलेल्या देशांचे संगीत

जगाच्या कुठल्याही नकाशावर न सापडणारे काही देश असे आहेत, की तिथली हवा, तिथल्या माणसांचे स्वभाव, त्यांची जुनी वैरे आणि जुनी दुःखे हे सारे आपल्याला शेजारच्या गावाइतके ठाऊक असते. ही ओळख डोळ्यांनी झाली अशी आपली समजूत असते, कारण हे देश आपण बहुधा चित्रपटाच्या पडद्यावर पाहिलेले असतात. माझे म्हणणे असे आहे, की ती ओळख मुख्यतः कानांनी झालेली असते. पडदा तो देश दाखवतो. पण तो देश जुना आहे, आपण येण्याच्या कितीतरी आधीपासून तिथे माणसे जगत आणि मरत आलेली आहेत, हे सांगण्याचे काम पडद्यामागे वाजणारा वाद्यवृंद करतो.

या संगीताविषयी आपल्याकडे गंभीरपणे बोलण्याचा प्रघात नाही. पाश्चात्त्य अभिजात संगीताचे जाणकार ‘सिनेमाचे संगीत’ म्हणून त्याला खालच्या पंक्तीला बसवतात. ख्यालगायकीवर पोसलेले आपले रसिक ‘नुसता दणदणाट’ म्हणून मान फिरवतात. आणि ज्यांना ते मनापासून आवडते ती तरुण मुले कानांत यंत्रे घालून ते एकेकटी ऐकतात. माझी पुतणी अभ्यासाला बसली की ‘एपिक’ या नावाखाली मिळणारे असे संगीत तासन् तास लावून ठेवते. एकदा मी तिला विचारले, ‘यात तुला काय दिसते ग?’ ती म्हणाली, ‘दिसत काही नाही, काका. पण कुठेतरी काहीतरी मोठे चालले आहे, असे वाटते.’

हे उत्तर मला मोलाचे वाटले, आणि अपुरेही वाटले. हे ‘मोठे’ म्हणजे नेमके काय? वादकांची संख्या मोठी, की आवाज मोठा, की आणखी काही? या संगीताचे बरेवाईट ठरवायचे तर आधी या प्रश्नाचा निकाल लावायला हवा.

*

१९३३ साली अमेरिकेत ‘किंग काँग’ हा बोलपट निघाला. त्याचे संगीत मॅक्स स्टायनर यांचे. स्टायनर मूळचे व्हिएन्नाचे, १८८८ साली जन्मलेले. बोलपटाची गोष्ट न्यूयॉर्क शहरात सुरू होते. मंदीचे दिवस आहेत, एक भुकेली मुलगी आहे, तिला घेऊन समुद्रपार निघालेला एक साहसी सिनेमावाला आहे. सुरुवातीची नामावली संपली, की या साऱ्या भागात पार्श्वसंगीत नाही. माणसे बोलतात, जहाज सुटते, दिवस जातात. मग जहाज त्या अज्ञात बेटाजवळ येते, चहूकडे धुके उतरते, आणि त्या धुक्यातून वाद्यवृंद हलकेच बोलू लागतो. न्यूयॉर्कची हद्द संपून दुसऱ्याच जगाची हद्द सुरू झाली आहे, हे प्रेक्षकाला कोणी सांगत नाही. ते त्याच्या कानांना कळते.

याच्या शेजारी आपला एक बोलपट ठेवून पाहावा. प्रभातचा ‘कुंकू’ १९३७ चा. दिग्दर्शन व्ही. शांताराम यांचे, संगीत केशवराव भोळे यांचे. त्यात पार्श्वसंगीत मुद्दाम गाळले आहे, आणि घरातले, रस्त्यावरचे खरे आवाज तेवढे राखले आहेत. म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधल्या गेलेल्या एका तरुण मुलीची ती गोष्ट. तिचे घर, तिची कोंडी प्रेक्षकांना इतकी परिचित होती, की तिच्या खरेपणाला वाद्यांची साक्ष काढण्याची गरज नव्हती.

हे दोन बोलपट एकमेकांच्या अगदी उलट टोकाला उभे आहेत, पण दोघांचे म्हणणे एकच आहे. जे जग खरे आहे त्याला संगीताचा आधार नसला तरी चालते. जे जग कुणीतरी कालपरवा रचले आहे, त्याला मात्र संगीतावाचून पायच फुटत नाहीत. कारण रचलेल्या जगाजवळ सगळे काही असू शकते, डोंगर, किल्ले, राक्षस, राजे; नसतो तो फक्त भूतकाळ.

*

भूतकाळ सुरांनी कसा रचायचा, याचा वस्तुपाठ सिनेमाचा जन्म होण्यापूर्वीच तयार झालेला होता. जर्मन संगीतकार रिचर्ड वाग्नर याने ‘निबेलुंगाची अंगठी’ हे चार नाटकांचे संगीतनाट्य १८४८ पासून १८७४ पर्यंत, म्हणजे सव्वीस वर्षे खपून लिहिले. १८७६ साली बायरॉइट या गावी, त्यासाठीच बांधलेल्या नाट्यगृहात ते प्रथम सलग सादर झाले. चार संध्याकाळी मिळून सुमारे पंधरा तासांचा हा खेळ. त्या नाट्यगृहाची एक विशेष गोष्ट अशी, की तिथला वाद्यवृंद प्रेक्षकांना दिसत नाही. रंगमंचापुढच्या खोल, झाकलेल्या खड्ड्यात वादक बसतात. आवाज येतो, वाजवणारा दिसत नाही. पुढे सिनेमागृहात सर्वांना सवयीची झालेली ही गोष्ट वाग्नरने आधीच साधून ठेवली होती.

पहिल्या नाटकाची सुरुवात ऱ्हाइन नदीच्या तळाशी होते. डबल बेसचा एक खर्ज सूर लागतो आणि लागूनच राहतो. तानपुरा लागल्यावर आपल्या मैफलीत जी एक जागा तयार होते, तशीच जागा इथे तयार होते. मग त्यावर बासून येतात, मग आठ हॉर्न एकामागून एक लाटांसारखे चढत जातात. एकशे छत्तीस मात्राखंडांपर्यंत हा स्वरमेळ बदलतच नाही. काही घडत नाही, आणि तरी एक जग उगवते आहे याचा प्रत्यय येतो. भव्यता म्हणजे मोठा आवाज नव्हे, हे समजावून द्यायला याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

पण वाग्नरची खरी करामत पुढची आहे. त्याने माणसांना, वस्तूंना, शपथांना आणि शापांना एकेक छोटी सुरावट नेमून दिली. तिला आपण खुणेची धून म्हणू. तलवारीची एक धून, एका वंशाची एक धून. ती पुन्हा पुन्हा येते, पण कधी जशीच्या तशी येत नाही. कधी ती थकलेली असते, कधी दुसऱ्या धुनेत मिसळलेली. शेवटच्या नाटकात नायक सिगफ्रीड मारला जातो, तेव्हा त्याच्या प्रेतयात्रेला एकही शब्द नाही. वाजतात त्या त्याच्या आईबापांच्या घराण्याच्या धुना. त्या बिचाऱ्याने आईबाप कधी पाहिलेही नव्हते. त्याला जे ठाऊक नव्हते ते वाद्यवृंदाला ठाऊक आहे, आणि चार रात्री तिथे बसलेल्या श्रोत्यालाही ठाऊक आहे. कल्पित जगाला भूतकाळ मिळतो तो असा. संगीत त्या जगाची आठवण होऊन बसते.

वाग्नरच्या नाटकांतली लांबण मला सोसत नाही, हेही इथे सांगून टाकतो. पण आठवण साठायला वेळ लागतो, ही गोष्ट त्या लांबणीतूनच कळते.

*

दुसरा पूर्वज इंग्रज आहे, आणि त्याचा आपल्याशी अनपेक्षित संबंध आहे. गुस्ताव होल्स्ट लंडनच्या एका मुलींच्या शाळेत संगीत शिकवत असे. त्याला ऋग्वेदाने झपाटले. छापील भाषांतरे मनाला येईनात, म्हणून तो स्वतः संस्कृत शिकला आणि १९०८ ते १९१२ या काळात त्याने ऋग्वेदातली सूक्ते समूहगायनासाठी बांधली. १९०८ सालीच त्याने महाभारतातल्या सावित्रीवर एक छोटे संगीतनाट्य लिहिले. त्याचा पहिला प्रयोग १९१६ साली झाला. पात्रे तीन, वादक फक्त बारा. पडदा उघडतो तेव्हा एकही वाद्य वाजत नाही. दुरून, रंगमंचाच्या आडून, मृत्यूचा एकटा आवाज सावित्रीला हाक मारत येतो. वटपौर्णिमेची कथा लहानपणापासून ऐकलेल्या आपल्यासारख्यांच्याही अंगावर काटा यावा, असा तो प्रारंभ आहे.

याच होल्स्टने १९१४ ते १९१६ या काळात ‘ग्रह’ नावाची सात भागांची रचना केली, ती मात्र प्रचंड वाद्यवृंदासाठी. मित्रांच्या पत्रिका मांडण्याचा त्याला नाद होता, आणि या रचनेतले ग्रह आकाशातले कमी आणि पत्रिकेतले अधिक आहेत. पहिला मंगळ, युद्ध आणणारा. त्यात तारवाद्यांचे वादक गज उलटा करून त्याच्या लाकडाने तारांवर आघात करतात. त्यातून निघणारा कोरडा, हाडांसारखा आवाज पाच मात्रांच्या ठेक्यात चालत राहतो. इंग्रज श्रोत्याला ही पाच मात्रांची चाल अमानुष वाटली, आणि तशी ती वाटावी हाच हेतू होता. माणसाचे पाय दोन. पाच मात्रांवर पलटण चालू शकत नाही, यंत्र चालू शकते.

इथे आपल्या कानांची गंमत होते. झपतालाच्या दहा मात्रा आपण दोन-तीन, दोन-तीन अशा मोजतो आणि त्यात आपल्याला अवघडलेपणा मुळीच जाणवत नाही. मी ‘मंगळ’ पहिल्यांदा ऐकला तेव्हा माझा हात आपोआप मांडीवर ताल धरू लागला होता. परकेपणा सुरांत नसतो, ऐकणाऱ्याच्या सवयीत असतो, हे त्यावरून उमगते. म्हणून कल्पित जगाच्या संगीतकाराला आधी आपल्या श्रोत्याचे घर नीट ठाऊक असावे लागते. घर कुठे संपते हे कळल्याखेरीज परदेश कुठे सुरू करायचा हे त्याला कळणार नाही.

*

१९६८ आणि १९७७ या दोन सालांनी या प्रश्नाची दोन वेगळी उत्तरे दिली. स्टॅन्ली क्युब्रिकच्या ‘२००१: अ स्पेस ओडिसी’ या १९६८ च्या चित्रपटासाठी ॲलेक्स नॉर्थ यांनी खास संगीत लिहिले होते. क्युब्रिकने ते बाजूला ठेवले आणि आधीच असलेल्या रचना वापरल्या. अवकाशयानाला त्याने व्हिएन्नाचा जुना वॉल्ट्झ दिला. आणि जिथे माणसाच्या आकलनापलीकडची ती काळी शिळा उभी राहते, तिथे हंगेरियन संगीतकार ग्यॉर्गी लिगेतीचे कंठसंगीत दिले. त्यात पकडायला धून नाही, धरायला ताल नाही. असंख्य आवाजांचे एक दाट धुके तेवढे आहे. त्या जगाला आठवण नाही, म्हणून ते भीतिदायक आहे. हा मार्ग थोर आहे, पण त्या वाटेने गेलेल्या श्रोत्याला वस्तीला जागा मिळत नाही.

‘स्टार वॉर्स’ १९७७ चा. जॉन विल्यम्स यांनी लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्राकडून त्याचे संगीत वाजवून घेतले. तारांगणातली गोष्ट, विचित्र प्राणी, बोलणारी यंत्रे. कोणालाही वाटले असते की याला विजेच्या यंत्रांतून काढलेले चमत्कारिक आवाज हवेत. विल्यम्स यांनी उलट केले. दृश्ये अनोळखी आहेत, तर भावना तरी ओळखीच्या असाव्यात, असे त्यांचे धोरण होते, आणि पुढे त्यांनी ते बोलूनही दाखवले. म्हणून त्यांनी एकोणिसाव्या शतकातला भरदार वाद्यवृंद तसाच्या तसा उचलून आकाशात नेला.

त्यातला एक प्रसंग पाहावा. वाळवंटातल्या ग्रहावर एक शेतकऱ्याचा पोर घराबाहेर येऊन उभा राहतो. क्षितिजावर दोन सूर्य मावळत आहेत. तो काही बोलत नाही. एक हॉर्न संथपणे एक धून वाजवतो आणि मग तारवाद्ये ती उचलून घेतात. दोन सूर्य हे त्या परक्या जगाचे लक्षण आहे. धून मात्र घर सोडून जावेसे वाटणाऱ्या कुठल्याही गावातल्या मुलाची आहे. दोन सूर्यांवर आपला विश्वास बसतो तो या एका हॉर्नमुळे.

याच मालिकेत १९८० साली काळ्या मुखवट्याच्या खलपुरुषासाठी विल्यम्स यांनी एक लष्करी कूच लिहिली. पितळी वाद्यांची ती कूच आता लहान मुलेही तोंडाने वाजवतात. पण तिचे मर्म कळते ते १९८३ च्या चित्रपटात, तो खलपुरुष आपल्या मुलाच्या मांडीवर प्राण सोडतो तेव्हा. तीच कूच आता अगदी क्षीण आवाजात येते, आणि तिचे शेवटचे सूर हार्पच्या एकेका तारेवरून ओघळतात. तीन वर्षे जिच्या नावाने थरकाप झाला ती धून अशी विझताना ऐकली, की एका माणसाचे सारे आयुष्य वाया गेल्याचे दुःख होते. सूर तेच आहेत. त्यांच्यात जी भर पडली आहे ती काळाची.

*

या वाटेवरचा सर्वांत मोठा टप्पा म्हणजे ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’. टोल्किन यांची ही कादंबरी १९५४-५५ मध्ये प्रसिद्ध झाली. टोल्किन ऑक्सफर्डला जुन्या भाषांचे प्राध्यापक होते. त्यांनी आधी भाषा रचल्या, आणि त्या बोलायला माणसे हवीत म्हणून जग रचले, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही. २००१, २००२ आणि २००३ साली आलेल्या तीन चित्रपटांचे संगीत कॅनडाच्या हॉवर्ड शोर यांनी दिले. त्यात ऐंशीच्या वर खुणेच्या धुना आहेत, आणि समूहगायनाचे शब्द टोल्किनच्या त्या कल्पित भाषांतले आहेत. श्रोत्याला त्यांतले अक्षर कळत नाही. पण हे कोणाच्या तरी मातृभाषेतले शब्द आहेत, निरर्थक आरोळ्या नाहीत, हे कळते.

शोर यांनी प्रत्येक राज्याला त्याचे वाद्य दिले. शायर या हिरव्या, सुस्त, खाऊनपिऊन सुखी खेड्याला बासरीजातीचे साधे वाद्य आणि फिडल. रोहान या घोडेस्वारांच्या राज्याला नॉर्वेचे हार्डांगर फिडल. या फिडलच्या मुख्य तारांखाली आणखी तारा असतात. त्यांना कोणी हात लावत नाही. वरच्या तारांच्या कंपनाने त्या आपोआप झंकारतात. सतारीच्या किंवा सारंगीच्या तरफा ज्याने ऐकल्या आहेत त्याला हा झंकार लगेच ओळखीचा वाटेल. ओसाड टेकडीवरचे ते लाकडी राजगृह दिसते आणि हे वाद्य लागते, तेव्हा एका राज्याचे गेलेले वैभव त्या न छेडलेल्या तारांतून ऐकू येते. आणि दुष्ट जादूगाराच्या कारखान्याला काय दिले? धातूवरचे घणाचे घाव, आणि पाच मात्रांचा ठेका. होल्स्टच्या मंगळाचे हे थेट वंशज.

धुनेला वय कसे चढते हे पाहायचे असेल, तर गोंडोर राज्याची धून पाहावी. पहिल्या चित्रपटात एका सभेत त्या राज्याचा एक मानी वीर आपल्या शहराविषयी बोलतो. तेव्हा एक एकटा हॉर्न ती धून वाजवतो, जणू दूरची आठवण. शहर आपण जवळजवळ पाहिलेलेच नसते. ते पुरते दिसते दोन वर्षांनी, तिसऱ्या चित्रपटात. पांढरा घोडा त्या शुभ्र नगरीच्या चढावरून दौडत जातो आणि तीच धून साऱ्या पितळी वाद्यांवर उसळते. आपण तिथे पहिल्यांदाच येत असतो, पण वाटते ते परत आल्यासारखे. त्याच चित्रपटात पुढे डोंगरांच्या शिखरांवर संकटाचे जाळ पेटत जातात. एका शिखरावरचा जाळ पाहून दुसऱ्यावरचा, तो पाहून तिसऱ्यावरचा. बोलणे नाही, दिवे आणि वाद्यवृंद. त्रिपुरी पौर्णिमेला देवळापुढची दीपमाळ एकेका पायरीने उजळताना पाहिलेल्या माणसाला हे दृश्य समजावून सांगावे लागत नाही.

तरीही मला सर्वांत मोठा वाटतो तो प्रसंग अगदी हळू आवाजाचा आहे. कथानायक फ्रोडो ज्वालामुखीच्या उतारावर निपचित पडला आहे. त्याचा सोबती सॅम त्याला विचारतो, शायर आठवते का, तिथला वसंत आठवतो का? नायकाला काही आठवत नाही. अन्नाची चव नाही, पाण्याचा आवाज नाही. आणि त्याच क्षणी शायरची ती साधी धून मंदपणे एका फुंकवाद्यावर येते. तो विसरला आहे. संगीत विसरलेले नाही. आईबाप न पाहिलेल्या सिगफ्रीडच्या प्रेतयात्रेत जे घडले, तेच सव्वाशे वर्षांनी इथे घडते.

शोर यांच्या संगीतात सगळेच या तोलाचे आहे असे नाही. लढायांच्या लांबलचक प्रसंगांत गायकवृंद आणि नगारे इतका वेळ वरच्या पट्टीत राहतात, की कान बधिर होतात आणि मन दुसरीकडे जाते. मोठेपणा सतत ओरडू लागला की लहान होतो.

*

मग असे संगीत आपल्याकडे का निर्माण झाले नाही, असा प्रश्न कोणी विचारील. वादक नव्हते असे म्हणता येत नाही. गोव्यातल्या चर्चच्या शाळांत स्वरलिपी वाचायला शिकलेले व्हायोलिन आणि ट्रम्पेटवादक मुंबईच्या चित्रपटसृष्टीचा कणा होते. अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा यांच्यासारखे वाद्यमेळाचे जाणकार त्यांच्यात होते. कल्पनाही होती. १९५१ च्या ‘आवारा’तले स्वप्नदृश्य, ते ढग, त्या प्रचंड मूर्ती आणि त्यांना शंकर-जयकिशन यांनी दिलेले संगीत, हे कल्पित जगच होते.

माझ्या मते कारण निराळे आहे. आपल्या कथाजगांना भूतकाळ द्यावाच लागत नव्हता. १ एप्रिल १९५५ ला पुण्याच्या आकाशवाणीवरून गीतरामायण सुरू झाले. ग. दि. माडगूळकरांची छप्पन्न गीते, सुधीर फडके यांचे संगीत, मोजकीच वाद्ये. शंभर वादकांचा ताफा नव्हता, नगारे नव्हते, दिसायला तर काहीच नव्हते. समोर एक रेडिओ. आणि घरोघरी लोकांना अयोध्या दिसली. ती दिसली याचे कारण ती त्यांच्या आजीने आधीच दाखवून ठेवलेली होती. टोल्किनला आणि ‘स्टार वॉर्स’च्या जॉर्ज लुकासला असे श्रोते मिळणार नव्हते. त्यांचे पुराण नवे होते; त्याची आजी त्यांना वाद्यवृंदातून निर्माण करावी लागली.

वारसा आणि वाद्यवृंद यांचा मेळ आपल्याकडे घातला गेला तेव्हा काय झाले, याचे एक उदाहरण सर्वांच्या कानांत असेल. १९८८ साली दूरदर्शनवर श्याम बेनेगल यांची ‘भारत एक खोज’ ही मालिका सुरू झाली. तिचे संगीत वनराज भाटिया यांचे. मुंबईत वाढलेले, लंडन आणि पॅरिस इथे पाश्चात्त्य संगीत शिकलेले हे संगीतकार. प्रत्येक भागाच्या आरंभी नासदीय सूक्त आणि शेवटी हिरण्यगर्भ सूक्त, अनेक कंठांच्या थरांत गायलेले. हेच हिरण्यगर्भ सूक्त होल्स्टनेही समूहगायनासाठी बांधले होते. काहीच नव्हते तेव्हाची स्थिती सुरांत सांगणे याहून मोठे कल्पित जग कोणते असणार? त्या काळी घरात मुले खेळायची थांबून ते शीर्षकसंगीत ऐकत.

*

आता पुन्हा माझ्या पुतणीच्या ‘काहीतरी मोठे’कडे वळू. चित्रपटांच्या जाहिरातींसाठी, अडीच मिनिटांत अंगावर रोमांच उभे करण्यासाठी जे संगीत घाऊक प्रमाणात तयार होते, तेच आज ‘एपिक’ म्हणून स्वतंत्रपणे ऐकले जाते. त्यातले बरेचसे मी तिच्याबरोबर बसून ऐकले. नगारे पहिल्या क्षणापासून वाजतात. गायकवृंद कुठल्याच भाषेत नसलेले शब्द ओरडतो. दर आठ मात्राखंडांनी आवाज एक पायरी चढतो, मग क्षणभर शांतता, मग एकदम स्फोट. वादन निर्दोष असते. पण त्यात आठवण्यासारखे काही घडून गेलेलेच नसते, म्हणून परत येण्यासारखेही काही नसते. ज्या लढाईत कोण लढतो आहे हे ठाऊक नाही, त्या लढाईचा तो जयघोष आहे.

मूळ कृती आणि तिची नक्कल यांतला फरक एका उदाहरणाने स्पष्ट होईल. हान्स झिमर यांनी २०१० च्या ‘इन्सेप्शन’ या स्वप्नांतल्या स्वप्नांच्या चित्रपटात पितळी वाद्यांचे खोल, प्रचंड हुंकार वापरले. पुढे कितीतरी जाहिरातींत तसे हुंकार ऐकू येऊ लागले. पण झिमर यांच्या हुंकारामागे एक युक्ती होती. एडिथ पियाफ या फ्रेंच गायिकेचे एक गाणे त्या कथेत झोपलेल्यांना जागे करण्याची खूण म्हणून वाजते. तेच गाणे अतिशय संथ केले तर त्यातल्या वाद्यांचा जो गंभीर नाद होईल, त्यावरून तो हुंकार घडवला आहे. खोल स्वप्नात काळ संथ होतो, म्हणून गाणेही संथ होते. त्या गर्जनेच्या पोटात एक आठवण होती. नकला करणाऱ्यांनी गर्जना घेतली, आठवण सोडून दिली.

तरुण मुलांना या संगीताची ओढ वाटते याचे मला वाईट वाटत नाही, उलट आशा वाटते. आपल्याहून मोठे, आपल्याहून जुने असे काहीतरी असावे ही भूक चांगली आहे. काळजी इतकीच, की या भुकेला नुसत्या आवाजाचे खाणे मिळाले तर भव्यता म्हणजे गोंगाट अशी त्यांची समजूत होईल. त्यांना बोल लावण्यापेक्षा वडीलधाऱ्यांनी या सुटीत त्यांच्या शेजारी बसावे. दिवे मालवून ऱ्हाइनच्या तळाचा तो खर्ज सूर एकत्र ऐकावा. मग मुलांनी आपल्या आवडीचे काही लावावे, आणि दोघांनी मिळून एकच प्रश्न विचारावा: हे संगीत थांबल्यावर ते जग चालू राहते का?

होल्स्टच्या ‘ग्रहां’तला शेवटचा ग्रह नेपच्यून. त्यात बायकांचा एक गायकवृंद शब्दावाचून गातो. गायिका श्रोत्यांसमोर नसतात. त्यांना शेजारच्या खोलीत उभे करावे आणि शेवटी त्या खोलीचे दार हळूहळू, आवाज न करता बंद करावे, अशी सूचना संगीतकाराने लिहून ठेवली आहे. गाणे संपत नाही. ते आपल्याला ऐकू येईनासे होते, एवढेच. २९ सप्टेंबर १९१८ रोजी लंडनच्या क्वीन्स हॉलमध्ये ही रचना पहिल्यांदा वाजली तेव्हा महायुद्ध संपायला सहा आठवडे उरले होते. मंगळाच्या घणघणाटाने सुरू झालेली ती सकाळ त्या बंद होत जाणाऱ्या दाराशी येऊन थांबली. दारापलीकडे त्या बायका अजून गात आहेत, असे आजही ऐकणाऱ्याला वाटते.